भाजी न खाल्लेला माणूस

१

तळेकोंडला शिगवणांच्या घरी त्या दुपारी पाच ताटं वाढली होती. चौघांच्या ताटात रानातल्या एका हिरव्या फळाची भाजी होती, आणि ती खाणारे चौघेही आज ठणठणीत आहेत. पाचवे विठू शिगवण, म्हणजे घरादाराचे आबा. त्यांनी त्या भाजीकडे बघून नाक मुरडलं, कुळथाच्या पिठीशी भात कालवून खाल्ला आणि हात धुतले. मेले ते.

रात्री उलट्या सुरू झाल्या, मग माणूस बरळायला लागला. पहाटे टेम्पोत घालून आधी लांजा आणि तिथून रत्नागिरी असं निघाले, पण हातखंब्याच्या अलीकडेच सगळं आटोपलं. सत्तरी उलटलेली, जुनी साखर, हृदय कमजोर. एरवी कोणी फार विचारलं नसतं. पण रत्नागिरीत दिलेली त्यांची लेक नम्रता टेम्पोला आडवी आली आणि म्हणाली, फाडून बघा, माझ्या बापाला भावजयीनं विष घातलंय.

अहवाल यायला दिवाळी उलटली. वांग्याच्या कुळातल्या झाडांत जे विषारी द्रव्य असतं ते आबांच्या पोटात सापडलं होतं, आणि थोडंथोडकं नव्हतं. मात्र फळाची साल, गर किंवा एखादी बीसुद्धा सापडली नव्हती. सहायक निरीक्षक ऋतिका भाटकर हे वाचून थांबली. बियांनी गच्च भरलेलं फळ पोटात गेलं असतं तर दहावीस बिया तरी मागं राहायला हव्या होत्या.

ठाण्यातल्या साहेबांना यात काही कोडं दिसलं नाही. सुनेनं रस काढला, गाळला आणि चहात घातला, असं त्यांनी मिशीवर बोट फिरवत सांगून टाकलं. आज जा आणि येताना तिला जीपमध्ये घालूनच आण, हा त्यांचा हुकूम.

ऋतिका बंदरावरच्या घरातली. मासा कधीचा आहे हे ती नुसत्या डोळ्यांवरून सांगायची, रानातल्या पाल्याशी तिचं देणंघेणं नव्हतं. पण संशयिताला आधी धरायचं आणि पुरावा सावकाश गोळा करायचा, ही रीत तिला मुळीच आवडायची नाही. ताब्यात घेण्याचा कागद तिनं खिशात ठेवला आणि जीप सुरू करायला सांगितली.

२

तळेकोंड म्हणजे लांज्यापासून पूर्वेला, सह्याद्रीच्या पायाशी चिकटलेली पंचवीसतीस घरं. पोलिसांची गाडी येणार ही बातमी गाडीच्या आधी पोचली होती. शिगवणांच्या अंगणाबाहेर, खळ्याच्या दगडी गडग्याला टेकून, निम्मी वाडी उभी होती. कोणाच्या हातात कोयती, कोणाच्या कडेवर पोर, आणि सगळ्यांचे डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे. घाटावरची सून गाडीत बसताना बघायला मिळणार होती.

दीपाली घाटावरची, हे इथं बारा वर्षांनंतरही कोणी विसरलं नव्हतं. नवरा गुरुप्रसाद मुंबईला गोदीत. त्यानं फोनवरच निर्णय देऊन टाकला होता: दीपालीला नेलं, तर सानिकाला त्याची बहीण नमू रत्नागिरीला घेऊन जाईल. आठ वर्षांच्या सानिकाची कपड्यांची पिशवी नम्रतानं आधीच भरून माजघरात ठेवली होती. दीपालीला तुरुंगापेक्षा त्या पिशवीची भीती जास्त होती, हे ऋतिकाला तिच्याकडे एकदा बघूनच कळलं.

नम्रता बोलायला बसली ती धबधब्यासारखी. वडलांवर तिचा जीव होता, आणि रागाच्या खाली ते दुःख स्पष्ट दिसत होतं. तिचं म्हणणं असं, की वहिनीला मुंबईला नवऱ्याकडे जायचं होतं आणि आबा सोडत नव्हते. शेत कोण बघणार, गुरं कोण बघणार, असं म्हणून दरवर्षी पुढं ढकलत होते. त्यातून आबांचा स्वभाव! कडू कारलं तुपात तळा नाहीतर साखरेत घोळा, ते कडूच राहायचं. सुनेशी ते हुकमाखेरीज बोलत नसत, हे नम्रतानंही मान्य केलं. पण म्हणून माणसाला मारायचं का, हा तिचा प्रश्न होता.

आणि ते फळ या गावात कोणाला ठाऊक नव्हतं. कोकणात त्याला नावसुद्धा नाही. ते ओळखणारी एकच बाई या घरात होती.

"त्या दिवशी चहा कोणी केला?" ऋतिकानं विचारलं.

"तिनंच. मी आलेली पावणी. सायंकाळच्या गाडीनं परत गेले. जाताना बघितलं तर आबा पडवीत बसून सुपारी कातरत होते. चांगले होते. मी गेले आणि मग..." नम्रतानं पदरानं तोंड पुसलं. "मी हाय तोवर कोणीतरी त्यांना बघणारं होतं. हिला काय पडलंय."

चहा सगळ्यांना एकाच भांड्यातून मिळाला होता. मग ऋतिकानं पडवीत राहणाऱ्या पाहुण्याला हाक मारली, तर तो आपली पिशवी खांद्याला लावून मागच्या दारानं निघण्याच्या बेतात होता.

३

हर्षद पोंक्षे वनस्पतींवर संशोधन करणारा. पावसाळ्यापासून शिगवणांच्या पडवीत मुक्कामाला. बसची वेळ झाली होती, म्हणाला. ऋतिकानं त्याला सांगितलं की बसेस रोज असतात, आणि पिशवी खाली ठेवायला लावली.

झाडाविषयी विचारल्यावर मात्र त्याचा चेहरा उजळला. वरच्या कड्याखाली, धुक्यात, सावलीतल्या दगडांत हे झुडूप येतं. वांगं, बटाटा, काटेरिंगणी यांचं भावंड. पुस्तकांत त्याच्याबद्दल चार ओळींपलीकडे काही नाही. विषारी आहे का, किती आहे, पिकल्यावर कमी होतं का, कोणीच तपासलेलं नाही. तो स्वतः त्याला सोयीसाठी डोंगरवांगं म्हणायचा. एक फांदी घरी आणली तेव्हा दीपालीवहिनी बघून हसल्या. घाटावर त्यांच्या माहेरी म्हणे आई याची भाजी करायची. हिरवी फळं चिरायची, मीठ लावायचं, घट्ट पिळायची, ते पाणी फेकायचं, असं दोनतीनदा. मग कांद्यावर परतायची. हर्षदला तर हर्षच झाला. त्यानंच त्यांना करून दाखवायला सांगितलं.

"विष आहे की नाही ते माहीत नसताना लहान मुलीसकट सगळ्यांनी खाल्लं?"

तो खाली बघायला लागला. मी आधी खाल्लं होतं, आदल्या दिवशी, म्हणाला. हे खरं असावं. मूर्खपणात तो प्रामाणिक वाटत होता.

पडवीच्या कडेला कुंडीत एक झुडूप होतं आणि त्याला शेवटची दोनचार हिरवी फळं होती. ऋतिकानं एक फोडलं, नखावर रसाचा थेंब घेतला आणि हर्षद नको नको म्हणेपर्यंत जिभेच्या टोकाला लावला. पुढची पाच मिनिटं ती खळ्याच्या कोपऱ्यात थुंकत होती. बघ्यांची मात्र चांगली करमणूक झाली.

त्या कडवटपणानं साहेबांचा तो चहाचा तर्क मात्र सांडला. एका थेंबानं ही दशा, तर माणूस मारण्याइतका रस चहात, पिठीत किंवा ताकात घातला असता, तर पहिल्या घोटाला आबांनी पेला सुनेच्या अंगावर फेकला असता. अशा गोष्टी ते अगदी क्षुल्लक कारणावरूनही करत, हे नम्रतानंच सांगितलं होतं. त्यांच्यावर कोणी बळजबरी केली नव्हती. म्हणजे ते कडू आहे हे कळत असताना त्यांनी ते प्यायलं, आणि तेही सगळं.

कडू आहे म्हणूनच पितात असं काय असतं?

"भाजी पिळल्यावर जे पाणी निघालं," ऋतिका सहज विचारल्यासारखं म्हणाली, "त्याचं काय झालं?"

हर्षदचा हात आपोआप पिशवीकडे गेला. पिशवीत रिकाम्या काचेच्या बाटल्या खणखणल्या.

"वहिनींनी फेकलं असेल," तो म्हणाला. "मला काय माहीत."

४

स्वयंपाकघरात दीपाली भिंतीला टेकून उभी होती. तीही तेच म्हणाली: पाणी फेकलं. कुठं फेकलं, तर माडाच्या आळ्यात. कधी, तर लगेच. इतकी झटपट उत्तरं ऋतिकानं बऱ्याच चोरांकडून ऐकली होती, पण या बाईच्या आवाजात चोरी नव्हती. एखादं जड ओझं डोक्यावर घेऊन चालणारी बाई जशी आजूबाजूला बघत नाही, तशी ती बोलत होती.

ऋतिकानं तिला आणखी काही विचारलं नाही. टोपलीत लांज्याच्या बाजारातली कारली पडली होती. ती दाखवून म्हणाली, भाजी कशी पिळता ते मला दाखवा. आमच्याकडे मासळी, आम्हाला असलं काही येत नाही.

दीपालीला हायसं वाटलं असावं. पाट घेऊन ती विळीवर बसली. कारली चिरली, मीठ लावलं, परातीत चोळली आणि थोडा वेळ ठेवली. तोवर दोघी इकडचं तिकडचं बोलल्या. सानिकाला गणित येत नाही, पण गाणं चांगलं म्हणते, असं दीपाली म्हणाली. मग तिनं मूठभर फोडी दोन्ही तळव्यांत धरल्या, पिळल्या, हिरवं पाणी परातीत गळलं. सगळ्या फोडी पिळून झाल्या. तिनं परात उचलली, आणि तिचा डावा हात, न बघता, खिडकीच्या फळीवर गेला. तिथं तोंडाशी चेपलेला एक पितळी गडू उपडा ठेवलेला होता. हातानं तो धरला, सुलटा केला, परात त्याच्यावर कलंडू लागली.

तिथं हात थांबला.

माणूस खोटं बोलायला शिकतो, हातांना ते शिकवायला वेळ लागतो. परात दीपालीच्या हातात तशीच तिरकी राहिली आणि थोडं पाणी जमिनीवर सांडलं.

"हा गडू आबांचा," ऋतिका म्हणाली. "कारल्याचं पाणी या घरात फेकत नाहीत. साखर आहे म्हणून आबा ते पीत. तुम्ही पिळायचं, या गडूत भरायचं, वर ताटली ठेवायची आणि इथं फळीवर ठेवायचा. ते वेळ झाली की प्यायचे. बरोबर?"

दीपालीनं मान हलवली.

"त्या दिवशी डोंगरवांग्याचं पाणीसुद्धा तुम्ही यातच ठेवलंत."

"त्या हर्षदभाऊंनी ठेवायला सांगितलं व्हतं. कालेजात तपासायला नेतो म्हणाले. बाटली धुवून आणतो म्हणून गेले आनि पडवीतच झोपले." दीपालीनं परात खाली ठेवली. "मी दुसऱ्या भांड्यात ठेवायला पायजे व्हतं. हात या गडूवरच गेला. पिळलेलं पानी म्हंजे आबांचा गडू. मी फळीवर ठेवलं आनि गुरांकडं गेले. मॅडम, चूक माझी हाय. मला न्या. आत्ता न्या."

हा कबुलीजबाबच होता. आणि तो ऐकून ऋतिकाचा संशय या बाईवरून पुरता उठला. आबा बाहेर पडवीत बसणारे, गुडघ्यांनी अधू. फळीवरचा गडू त्यांना आयता हातात मिळायचा, स्वतः उठून ते स्वयंपाकघरात कधी येत नसत. दीपाली गोठ्यात होती, हर्षद झोपला होता आणि सानिका जेवून पुन्हा शाळेत गेली होती.

मग तो गडू आबांना नेऊन कोणी दिला?

दीपालीनं ऋतिकाच्या चेहऱ्यावर तो प्रश्न वाचला. ती पुढं झाली आणि तिनं तिचे दोन्ही हात धरले.

"वन्संला नका विचारू," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडते."

५

विचारणं भागच होतं. खोटा गुन्हेगार घेऊन गाडीत बसणं ऋतिकाला जमणार नव्हतं, आणि कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं काही राहत नाही. दीपालीला तुरुंगात घातल्यावर दहा वर्षांनी कधीतरी, कारलं पिळताना, नम्रताला हे आपलं आपण कळलं असतं. ते जास्त वाईट झालं असतं, असं ऋतिकाला वाटलं.

तिनं दीपाली, नम्रता आणि हर्षद या तिघांनाही माजघरात बसवलं आणि दार लोटून घेतलं. आवाज चढवला नाही.

"नम्रताताई, त्या दिवशी आबांनी कारल्याचं पाणी घेतलं होतं का?"

"घेतलं तर. मीच दिलं." नम्रता ताठ बसली. "ही देतेय कसली. फळीवर झाकून ठेवलंन आणि गेली गोठ्यात, बापाची वेळ टळून गेलेली. मी जाताना आत डोकावले म्हणून दिसलं. माझ्या हातानं नेऊन दिलं त्यांना."

"ते काही बोलले?"

"म्हणाले, आज कारलं जबर हाय. तोंड वाकडं केलंनी. मी म्हटलं, आबा, औषध हाय, लेकीनं दिलंय, टाकायचं नाय. तर हसले. आणि सगळं प्यायले." ती ऋतिकाकडे बघत होती. "तुम्ही आजवर काय खाल्लं ते विचारलंत, चहाचं विचारलंत. औषध कोण खाण्यात धरतो?"

काही गोष्टी समोरच्याला आपल्या पायांनी पोचू द्याव्या लागतात.

"त्या दिवशी कारल्याची भाजी नव्हती," नम्रता हळू म्हणाली. "कुळीथ होता. आणि ते..."

हर्षदनं तेव्हा तोंड उघडलं. पाणी आपण ठेवायला सांगितलं होतं, गडू रिकामा दिसला तेव्हा वहिनींनी फेकलं असं धरून चाललो, आणि आबा गेल्यावर खरं काय झालं असेल ते सुचलं तरी भीतीनं गप्प बसलो, हे त्यानं एका दमात सांगितलं. त्याची मान खाली होती. त्याच्याकडे कोणी बघितलंही नाही.

ऋतिकानं उरलेलं थोडक्यात मांडलं. भाजीतलं विष मिठाबरोबर पाण्यात उतरलं होतं, म्हणून भाजी खाणारे वाचले. पोटात बी सापडली नाही, कारण गेलं ते नुसतं पाणी. आणि कडू लागूनही आबांनी टाकलं नाही, कारण या घरात ते पाणी कडूच असतं, आणि ते मुलीनं दिलं होतं. यात खून कोणी केला नव्हता. निष्काळजीपणाचं उत्तर हर्षदला द्यावं लागणार होतं, ते वेगळं.

नम्रता रडली नाही. मग तिनं दीपालीकडे मान वळवली.

"तुला माहीत होतं?"

दीपालीनं होकारार्थी मान हलवली.

"वहिनी, तुला कधीपासून माहीत होतं?"

"त्याच राती," दीपाली म्हणाली. "गडू रिकामा बघितला आनि आबांना विचारलं, कोनी दिलं. त्यांना समजलं. अंगात ताकद नव्हती, पर डोकं जाग्यावर होतं तवर. म्हणाले, नमूला कधी सांगू नको, ती जगायची नाय. माझा हात धरून म्हणाले."

"आणि मी तुझ्यावर केस घातली. तुझी पोर तोडायला निघाले. तरी तू गप्प राहिलीस?"

"बारा वर्सं झाली मला या घरात," दीपाली म्हणाली. "हे कर, ते आन, याच्यापलीकडं आबा माझ्याशी कधी बोलले न्हाईत. त्या राती त्यांनी पयल्यांदा माझ्याकडं काही मागितलं."

बाहेर खळ्याशी माणसांची कुजबुज वाढली होती. गाडी केव्हा सुटते याची त्यांना घाई झाली होती.

ऋतिकानं खिशातला कागद काढून फाडला. मग ती म्हणाली की अपघाताचा अहवाल देताना आबांनी पाणी चुकून प्यायलं एवढं म्हटलं तरी कायद्याला पुरेल, गडू कोणी दिला हे गावात सांगायची गरज नाही. हे ती मनापासून म्हणाली. दीपालीनं तिच्याकडे आभारानं बघितलं.

पण नम्रता उठली होती. तिनं सानिकाच्या कपड्यांची पिशवी उचलली, उलटी केली आणि कपडे तिथंच पाटावर ओतले. मग दार उघडून ती खळ्यात गेली. वाडीतली सगळी माणसं गडग्याशी सरसावून उभी राहिली. बायकांनी माना पुढं काढल्या आणि तिच्या मागं वहिनी दिसते का ते बघू लागल्या.

"आबांना मी दिलं," नम्रता म्हणाली. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा होता. "औषध म्हणून दिलं, आणि ते विष होतं. माझ्या हातानं गेले ते. वहिनीला यापुढं कोणी काही बोललात, तर आधी मला बोला."

एका म्हातारीनं तोंडावर पदर घेतला. दीपाली धावत खळ्यात आली, तिनं नणंदेला दोन्ही हातांनी धरलं आणि सगळ्या गावादेखत तिला घरात घेऊन गेली.